टाक्यांची उलटी बाजू

रविवार, रात्री उशिरा

आज मोठ्या काकांना घेऊन काळा घोड्याला एक ग्रुप शो बघून आले. पेंटिंग, मिक्स मीडिया, टेक्स्टाईल असं सगळं एकाच हॉलमध्ये. काका लालबागचे, १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, त्यामुळे कापडाची कामं त्यांना दाखवायचीच असं कधीचं मनात होतं. पेंटिंगसमोर ते लांब, हात मागे बांधून उभे राहायचे आणि कापड दिसलं की अगदी नाक लावून.

अ‍ॅक्रिलिकची मोठी कॅनव्हासेस होती, रंग छान होते पण मी तिथे फार थांबले नाही. खरं काम कोपऱ्यात होतं. जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून गोधडीसारखा धावदोरा घातलेला आणि त्यावर गंजाचे डाग, म्हणजे मुद्दाम उमटवलेले, गंजलेल्या लोखंडी पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवल्या की तांबूस तपकिरी डाग बसतो तो धुतला तरी सहजी जात नाही. काका बघतच राहिले. म्हणाले, "अगं, असा डाग लागला की आमच्याकडे अख्खं ठाण बाजूला काढायचे." आणि मग त्या डागाच्या कडेने किती बारीक टाके घातलेत ते मला बोटाने दाखवत बसले, काचेशिवाय होतं तरी हात मात्र अजिबात लावला नाही.

जिने केलं ती मुलगी तिथेच होती. काकांनी विचारलं, मागून बघता येईल का? तिने खालचा कोपरा हलकेच उचलला. बाप रे. पुढून सगळं शांत, मागे गाठी, एका रंगातून दुसऱ्या रंगात उडी मारलेले धागे, मध्येच दोरा संपला म्हणून घेतलेला नवा दोरा. ती कुठे थांबली, कुठे घाई झाली, सगळं तिथे कळत होतं. मला वाटतं अशी कामं भिंतीला चिकटवून लावूच नयेत, भिंतीपासून थोडी पुढे टांगावीत म्हणजे माणसाला बाजूने वळून मागे डोकावता येईल. पेंटिंगची सवय म्हणून कापडही तसंच टांगतात आणि निम्मं काम झाकलं जातं.

आणि लोकांचं ते "हे काय, भरतकामच तर आहे" हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, आजही दोघं तिघं म्हणाले. कॅनव्हास तरी काय असतो, विणलेलं कापडच ना, उभे धागे आडवे धागे, वर प्राइमर मारून झाकलेले. आपल्या मुंबईत तर या दोन गोष्टी कधी लांब नव्हत्याच. चित्रकार प्रभाकर बरवे कितीतरी वर्षं विणकर सेवा केंद्रात, म्हणजे हातमागासाठीच्या सरकारी संस्थेत नोकरीला होते, चित्रकार के. जी. सुब्रमण्यनही तिथे होते. नेली सेठना, मोनिका कोरिया यांनी तर मागावरच आपलं काम उभं केलं. कोरिया मागाची फणी, म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर धरून ठेवणारा कंगवा, काढून टाकायच्या म्हणजे उभे धागे सरळ रेषा सोडून हवे तसे सरकायचे, हे घरी येताना काकांना सांगितलं तर ते लोकलमध्ये भायखळ्यापर्यंत त्यावरच बोलत होते, फणीशिवाय साचा चालणार कसा, धागा ताणात राहणार कसा, मग स्वतःच म्हणाले की हातमागावर जमेल, पॉवरवर नाही जमायचं.

अजून एक, त्या लुगड्यांच्या कामावर जोरदार स्पॉटलाईट होता. सुती रंगीत कापडाला इतका उजेड बरा नाही, म्युझियममध्ये ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास, म्हणजे अगदी मंद ठेवतात, रंग उडतात म्हणून. आठवड्याभराच्या शोमध्ये फार काही बिघडणार नाही हे मान्य, पण सवय चांगली लागलेली बरी. तिला सांगितलं तर तिने लगेच लिहून घेतलं.

शो सोमवारी संपतोय. उद्या ऑफिस लवकर सुटलं तर परत जाणार आहे, या वेळी आईला घेऊन. ती गोधड्या शिवते, तिला त्या मुलीशी दोऱ्याबद्दल बोलायचंय, सुती दोरा दुहेरी घेतला होता की एकेरी, एवढंच विचारायचंय म्हणते.