हर्क्युलीसचा पाय मोडला

मी तेव्हा बेल्जियममधल्या एका म्युझियममध्ये कॉन्ट्रॅक्टवर होते, काम काय तर टाचणीला टोचलेल्या किड्यांचे फोटो काढायचे आणि लेबलं टाइप करायची. दिवसाला शंभरेक व्हायचे, त्यामुळे किड्याकडे नीट बघणं कधीच सुटलेलं, कानात गाणी आणि हात चालू. त्या दिवशी एक ड्रॉवर ओढला आणि हेडफोन काढूनच ठेवला.

इअरविग. आपल्याकडे कुंडी उचलली की खालून पळतो ना, मागे चिमटा असलेला बारका किडा, त्याच जातकुळीतला, फक्त हा पट्टीवर जवळजवळ आठ सेंटिमीटर! आणि पंख नाहीत. राहणार सेंट हेलेना, नेपोलियनला ठेवलं होतं तेच बेट, आफ्रिकेपासून दोनेक हजार किलोमीटर आत समुद्रात. 1798 मध्ये फॅब्रिशियस नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने हर्क्युलीसवरून त्याचं नाव ठेवलं, पुढे लोक विसरले, मग 1962 मध्ये पक्ष्यांची हाडं शोधणाऱ्या दोघांना नुसतेच वाळके चिमटे मिळाले आणि त्यावरून बेल्जियन लोक जाऊन हॉर्स पॉइंटच्या माळावर धोंडे उचलून बघत बसले, तेव्हा जिवंत सापडले. शेवटचा जिवंत दिसला मे 1967 मध्ये. त्यानंतर शोधलं, 1988 मध्ये तर लंडन झूची टीम खास गेली होती, काही नाही.

हे सगळं वाचत बसले आणि टाचणी उचलताना हात हलला. एक पाय टपकन पडला.

पोटात गोळाच आला. सुपरवायझर बाई आल्या, ओरडल्या नाहीत, चिमट्याने पाय उचलून जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये घातला आणि ती त्याच टाचणीला खाली टोचली. म्हणाल्या, फेकायचं काही नाही, आता नवीन येणार नाहीयेत. 2014 मध्ये अधिकृतपणे नामशेष जाहीर झालाय, मला तेव्हाच कळलं.

रात्री आईला फोनवर सांगितलं तर तिचं पहिलं वाक्य, "कानात जाते ती गोम का गं?" म्हटलं नाही गं, उलट गोमेनेच खाल्ला असणार त्याला. खरंच! बाहेरून आलेली मोठी गोम, उंदीर, आणि ज्या धोंड्यांखाली तो राहायचा तेच लोकांनी बांधकामाला उचलून नेले. आई म्हणाली, मग दगड परत ठेवायचे ना.

दुसऱ्या दिवशी फोटो काढला. पाच पाय आणि खाली कॅप्सूल.