टायटॅनियम-४४ आणि न दिसलेले प्रोटॉन

गुरुवार, रात्री

टायटॅनियम-४४ या टायटॅनियमच्या किरणोत्सर्गी समस्थानिकावर (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या प्रकारावर) सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेत झालेल्या प्रयोगाचा २०१४ चा शोधनिबंध आज पुन्हा सावकाश वाचला. शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया-ए हा स्फोट पावलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे; त्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर १६८० च्या सुमारास पोहोचला असावा. टायटॅनियम-४४ चे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ६० वर्षे असल्याने त्या स्फोटात घडलेल्या साठ्याचा जेमतेम पन्नासावा भाग आज आपल्याला दिसू शकतो. तरीही नूस्टार या क्ष-किरण अंतराळ दुर्बिणीने त्याच्या क्षयातून निघणारे किरण टिपले आणि त्यांचा नकाशा काढला, याचे मला अपार कौतुक वाटते.

हे समस्थानिक कोसळणाऱ्या ताऱ्याच्या अगदी आतल्या थरात, नव्या न्यूट्रॉन ताऱ्याला (कोसळलेल्या गाभ्याच्या अतिघन गोळ्याला) लागून घडते, त्यामुळे त्यातले किती बाहेर फेकले गेले यावरून स्फोट आतून कसा पेटला हे ताडता येते. मात्र त्यासाठी घडलेल्यातले किती तिथेच नष्ट झाले हे आधी कळायला हवे. हीलियमचे अणुकेंद्रक आदळले की टायटॅनियम-४४ प्रोटॉन सोडून व्हॅनेडियम-४७ होते. ही अभिक्रिया किती सहज घडते याचा अंदाज चुकला, तर दुर्बिणीच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्षही चुकतो.

मोजणीसाठी लागणारे टायटॅनियम-४४ पृथ्वीवर निसर्गात मिळत नाही. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत प्रचंड किरणोत्सर्ग सोसलेले काही यंत्रभाग होते. एरवी ज्यांची विल्हेवाटच लावायची, त्यांतून रसायनतज्ज्ञांनी ते वेगळे केले. मग सर्नच्या आयसोल्ड प्रयोगशाळेत त्याचा झोत तयार करून तो हीलियम वायूच्या कोठीत सोडला आणि पलीकडे सिलिकॉनचे शोधक लावून प्रोटॉनची वाट पाहिली. आधीची मोजणी अधिक ऊर्जेला झाली होती. या वेळी स्फोटातल्या तापमानाशी जुळणारी ऊर्जा निवडली होती.

पार्श्वभूमीहून (इतर कारणांनी शोधकात उमटणाऱ्या नोंदींहून) वेगळे काढता येतील असे प्रोटॉन दिसलेच नाहीत. हा प्रयोग फसला असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण न दिसण्यावरूनच अभिक्रियेच्या शक्यतेची कमाल मर्यादा ठरली, आणि ती रूढ सैद्धांतिक अंदाजाच्या खाली आली. म्हणजे टायटॅनियम-४४ आपण समजत होतो त्यापेक्षा कमी नष्ट होते आणि जास्त शिल्लक राहते. स्फोटाच्या प्रारूपांना हे यापुढे हिशेबात धरावे लागते. मर्यादेच्या खाली प्रत्यक्ष किंमत नेमकी किती, हे कळण्यासाठी याहून प्रखर झोत हवा. तो मिळावा आणि ते मोजके प्रोटॉन खरोखर मोजले जावेत, अशी माझी फार इच्छा आहे.