स्टार्टरच्या पेटीतला वाघ

मामाचा मळा निफाड तालुक्यात, गोदाकाठी. तिथे बिबट्याला बिबट्या कुणी म्हणत नाही. ‘रात्री वाघ होता’ म्हणतात, तेही पाहुणे येऊन गेल्याच्या सुरात. थ्री-फेज लाइट रात्रीची, म्हणून पाणी भरायला जायचं तेही रात्रीच. मामा बॅटरी घेतो, मोबाइलवर मोठ्यानं भजन लावतो आणि उसाच्या कडेनं खुशाल निघतो. एकदा ऊसतोडीत दोन बछडी निघाली. वनखात्याच्या माणसांनी ती तिथेच क्रेटमध्ये ठेवली, रात्री आई येऊन घेऊन गेली. “लेकुरवाळी आहे बिचारी,” मामी म्हणाली.

हाच मामा गेल्या पावसाळ्यात मोटार चालू करायला गेला आणि बोंबलत परत आला. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून तळहाताएवढा कोळी! मी जाऊन उजेड पाडला. पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती धरून बसलेला. म्हणजे बसलेली, कारण चकतीत अंडी होती. ती पळाली नाही. एक पाय उचलला, जरा थांबली, पुन्हा तिथेच ठेवला. हीसुद्धा लेकुरवाळीच, पण हिला बिचारी म्हणायला कुणी तयार नव्हतं.

मामाच्या नातवानं ‘टॅरंटुला!’ असं जाहीर करून टाकलं. नव्हता. घराच्या भिंतीवर झुरळं मारत फिरतो तोच हा चपटा कोळी. पण त्या निमित्तानं मी खऱ्या टॅरंटुलांबद्दल, म्हणजे त्या मोठ्या केसाळ कोळ्यांबद्दल, वाचत बसलो. आपल्याकडे झाडांच्या ढोलीत राहणारे जे आहेत, त्यांच्या प्रजातीचं नाव पोसिलोथेरिया. ग्रीकमध्ये अर्थ होतो ठिपकेदार श्वापद. घ्या! श्रीलंकेत तर त्यांना सरळ बिबट्या-कोळीच म्हणतात. नखंही मांजरासारखी, आत ओढून घेता येणारी. शिकार रात्रीची, दबा धरून. डोळे आठ, पण नजर यथातथाच. सावज कळतं ते थरथरीवरून. मादी दहा-बारा वर्षं जगते, म्हणजे जवळपास बिबट्याएवढी. नर बिचारा वयात आला की फार दिवस टिकत नाही.

यातल्या पोसिलोथेरिया रेगॅलिसला १८९९ साली नाव दिलं रेजिनाल्ड पोकॉकनं. हा गृहस्थ ब्रिटिश म्युझियममध्ये कोळी-विंचू बघत असे. पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा अधीक्षक झाला आणि मांजरकुळात रमला. घशातल्या हाडाची ठेवण पाहून वाघ, सिंह, बिबट्या यांना ‘पँथेरा’ या एकाच प्रजातीत एकत्र बसवलं ते त्यानंच, १९१६ मध्ये. तो कोळ्याकडून बिबट्याकडे गेला. आमचा मामा उलट्या वाटेनं.

पेटीशेजारी आता एक काठी टांगलेली असते. मामा पेटीवर तीनदा ठोकतो, भजन बंद करून कानोसा घेतो, मग वाकून दोन बोटांनी झाकण उघडतो. उसाकडे पाठ करून.