इकोच्या सीडीसाठी २३ दिवस

आईसाठी ट्रायल, म्हणजे उपचाराची पेशंटवर होणारी चाचणी, शोधायला मला दोन रात्री लागल्या. तिच्या इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, सीडी हातात पडायला २३ दिवस लागले. अजूनही आठवलं की संताप होतो, म्हणून लिहिते आहे. नाशिकमधून आणखी कुणी या वाटेने जाणार असेल तर त्याचे दिवस तरी वाचावेत.

आई ६८ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, मग हृदयाचा डावा कप्पा पसरला आणि त्या कप्प्याची मायट्रल झडप नीट मिटेनाशी झाली, रक्त मागे गळायला लागलं. रोज पहाटे रामकुंडावर जाणारी बाई, पंचवटीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायची बंद झाली. उशीला उशी लावून बसून झोपायची. औषधं वाढवून झाली होती. छाती उघडून ऑपरेशन तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि म्हणाले, "ट्रायल कुठे चालू आहे का बघा."

भारतातल्या ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असतात. ती २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून तिथे नोंद करणं सक्तीचं आहे. कुणालाही फुकट बघता येते. शोधताना इंग्रजीत 'मायट्रल रिगर्जिटेशन' (एमआर, म्हणजे मायट्रल झडपेची गळती) असं टाका. आणि पेशंट घेणं चालू आहे की बंद, हे तिथे जगाचं वेगळं आणि भारताचं वेगळं लिहिलेलं असतं. आपल्याला भारताचं बघायचं. मी आधी दुसरंच वाचून नाराज होऊन बसले होते.

मुंबईतली एक ट्रायल आईला जुळेलशी वाटली. नोंदीतल्या नंबरवर फोन केला, तिथल्या कोऑर्डिनेटर फार नीट बोलल्या. "ताई, रिपोर्टचा कागद नको. इकोच्या मूळ व्हिडिओ क्लिप हव्यात, डायकॉममधल्या, म्हणजे हॉस्पिटलच्या मशीनच्या फाइलमधल्या."

त्या का हव्यात तेही त्यांनी समजावलं. आईसारखी गळती, म्हणजे झडपेच्या पाकळ्या धड पण हृदय पसरलेलं, हिला सेकंडरी म्हणतात. मांडीच्या शिरेतून चिमट्यासारखी क्लिप नेऊन पाकळ्या एकत्र धरायच्या, हाच त्यांच्या ट्रायलमधला उपचार. त्याच्या आधीच्या दोन मोठ्या ट्रायलचे निकाल २०१८ मध्ये आले. फ्रान्समधल्या मित्रा-एफआरमध्ये फायदा दिसला नाही. दुसरीत, कोऍप्टमध्ये, मृत्यूही कमी झाले आणि अॅडमिट होणंही. कोऍप्टमधल्या पेशंटची गळती जास्त होती आणि त्या मानाने हृदय कमी पसरलेलं होतं, हे त्याचं एक कारण मानतात. म्हणून गळतीचं छिद्र केवढं, कप्पा केवढा, हे त्यांना स्वतः मोजायचं असतं. आमच्या रिपोर्टवर नुसतं 'सिव्हिअर एमआर' लिहिलेलं होतं.

इको जिथे केली तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीवर गेले. "रिपोर्ट दिलाय ना तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी, "अर्ज करा." अर्ज नेला तर पेशंटची सही हवी. सही आणली तर साहेब रजेवर. मग सीडी रायटर बिघडलेला. पेनड्राइव्ह पुढे केला, तर चालत नाही म्हणाले. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून अर्धा दिवस रजा टाकून जायचं आणि "परवा या" ऐकून परत यायचं. घरी आई विचारायची, "मिळालं का गं?" मी मान हलवायचे. १४ दिवस असेच गेले.

पंधराव्या दिवशी मी अर्जच बदलला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत कलम १.३.२ आहे. पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. कलमाचा नंबर घालून अर्ज लिहिला, दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही. तिसऱ्या दिवशी सीडी मिळाली! घरी लावली तर आत नुसते स्थिर फोटो. पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का. व्हिडिओ क्लिप असलेली सीडी तेविसाव्या दिवशी मिळाली. सीडी तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा, आणि शिक्क्याचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

व्हिडिओ बघून ट्रायलवाल्यांनी आईला मुंबईला बोलावलं. पण तोवर इको ३० दिवसांपेक्षा जुनी झाली होती, त्यामुळे ती तिथे पुन्हा करावी लागली. खर्च त्यांचा. (प्रवासाचे पैसे देतात का, हे फोनवरच विचारा. मी विचारलं नव्हतं, पंचवटी एक्सप्रेसचं तिकीटही ठेवलं नव्हतं.)

संमतीपत्र मराठीत होतं. ते घरी आणून मी आईला दोन दुपारी मोठ्याने वाचून दाखवलं. झडपेला क्लिप की नुसती औषधं, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं, तेही तिला सांगितलं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, हे सरकारी नियमांत आहे. ते पान आईने दोनदा वाचायला लावलं.

सही करण्याआधी तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "मधेच नको वाटलं तर?"

"कधीही थांबा, आजी. तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील."

आईने चष्मा पुसला, पूर्ण नाव लिहून सही केली. कुठल्या गटात, ते येत्या शुक्रवारी कळेल.