वळण आपलं, मूल दुसऱ्याचं

वडोदऱ्याहून मला अधूनमधून निरोप येतात: ताई, मेलबर्नला चाइल्डकेअरमध्ये काम करायचंय, काय शिकू? सर्टिफिकेट थ्री किंवा डिप्लोमा हे कोर्स, फर्स्ट एड, वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांसोबत काम करणाऱ्यांची सरकारी पार्श्वभूमी-तपासणी). हे सगळं होऊन जातं. त्याहून अवघड गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून आज तीच लिहिते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घराने आपल्याला जे वळण लावलं, ते इथे मुलांविषयी काहीही ठरवताना मध्ये येतंच.

आमच्या टॉडलर रूममधला (लहानग्यांच्या वर्गातला) एक अडीच वर्षांचा मुलगा जेवायला बसला की चमच्याला हात लावायचा नाही, नुसता आ करून बसायचा. सहकारी एज्युकेटरने (इथे मुलांना सांभाळणाऱ्या-शिकवणाऱ्याला असं म्हणतात) लिहिलं, 'स्वतः खाण्यात मागे आहे.' तिच्या घरी वर्षाच्या बाळापुढेही भाजीचे तुकडे ठेवतात, सांडलं तर सांडलं. मला मात्र त्याच्या मागे चिऊचा घास, काऊचा घास करणारी आजी दिसत होती. रूम लीडरने दोघींना थांबवलं. आधी नुसतं दिसलं ते लिहा, अर्थ नंतर लावा, आणि घरी विचारा. विचारलं, तर खरंच आजी भरवत होती. पण पोळीचा तुकडा तो आपल्या हाताने खायचा. मग आम्हीही हाताने खाता येईल असं त्याच्यापुढे ठेवू लागलो.

तिथे माझा अंदाज बरोबर निघाला, पण तो दर वेळी निघेलच असं नाही. न रडणारं, सांगू तिथे बसणारं मूल आपल्याकडे कौतुकाचं. इथली सहकारी त्याच मुलाकडे बघून विचारते, हे कुणाशीच कसं बोलत नाही? तिचं मला पटतं. कदाचित त्याला नीट ऐकू येत नसेल, घरची भाषा वेगळी असेल, भीती असेल. कौतुक करून मोकळं झालं की शोध तिथेच थांबतो. ऑस्ट्रेलियाच्या 'अर्ली इयर्स लर्निंग फ्रेमवर्क'ने, म्हणजे लहान मुलांच्या शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्याने (२००९, सुधारित २०२२) स्वतःच्या समजुती अशा तपासून पाहणं हा कामाचाच भाग मानला आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीत ह्यूमन डेव्हलपमेंट शिकलेल्या मुलींना निरीक्षण नवं नसेल. सहकाऱ्यांसमोर आपलं मत असं उलगडून ठेवायची सवय मात्र करावी लागते.

माराच्या बाबतीत मी कडक आहे. आपण फूटपट्ट्या खाल्ल्या, 'म्हणून काय बिघडलो का?' असंही म्हणतो. मुलाच्या पाठीवर वळ दिसला की हे वाक्य मनात येईल. त्याला तिथेच अडवा. १ मार्च २०१९ पासून मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात एज्युकेटरवर कायद्याचं बंधन आहे. मारहाणीमुळे किंवा लैंगिक अत्याचारामुळे मुलाला गंभीर इजा झाली आहे किंवा होऊ शकते आणि पालक त्याला वाचवत नाहीत, असं सकारण वाटलं, तर बालसंरक्षण विभागाला कळवावंच लागतं. पुरावे शोधत बसायचं नाही. वळ कुठे आहे, केवढा आहे, मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. आणि मॅनेजर 'जरा थांबू या' म्हणाली, तरी कळवायची जबाबदारी तुमच्यावरून उतरत नाही.