मृग, मुरूम आणि तीन वर्षं

८ जून, रात्री

मृग लागला, आभाळ नुसतंच भरून आलंय. बारावीचे निकाल लागलेत, म्हणजे कॉलेजात नवी पोरं येणार. टेनिसच्या कोचचं वर्ष इथूनच सुरू होतं. म्हणून टाचणं आजच करून ठेवतो.

मराठवाड्यात नुसता ‘टेनिस कोच’ म्हणून कायम जागा कॉलेजात क्वचितच निघते. निघते ती शारीरिक शिक्षण संचालकाची. तिला एम.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीला) ५५ टक्के, नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते आणि वर धावायची चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर जायचं, बाईने ८ मिनिटांत १०००. एकदा नेमणूक झाली की कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र घेऊन फक्त टेनिस शिकवणारा माणूस मानधनावर येतो. पहाटे शाळकरी मुलांची बॅच घेतली तरच त्याचा महिना निघतो.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात टेनिस कोच डिक गूल्डने ३८ वर्षांत १७ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं मिळवली. आपला सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ ला अमेरिकेचा विद्यापीठीय एकेरी विजेता होता. तिथला कोच शिष्यवृत्ती देऊन तयार खेळाडू आणतो. इथे अठराव्या वर्षी पहिल्यांदा रॅकेट धरणारा येतो आणि पदवी पदरात पडली की जातो. तेव्हा खरा प्रश्न एकच: तीन वर्षांत आधी काय शिकवायचं?

माझं उत्तर ठरलेलं आहे. सर्व्हिस आणि दुहेरी. फोरहँडच्या तासन्‌तास रॅली लहानपणापासून खेळणाऱ्यांसाठी. उशिरा आलेल्याला त्यात गाठता येत नाही. सर्व्हिस हा एकच फटका असा, की चेंडू दुसऱ्याकडून येत नाही. आणि दुहेरीत अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं.

म्हणून निवड चाचणीत रॅकेट नंतर, आधी चेंडू फेकायला लावायचा. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, पलीकडच्या कुंपणापर्यंत. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवलेला किंवा सीमारेषेवरून थ्रो करणारा पोरगा लगेच ओळखू येतो. त्याची निम्मी सर्व्हिस तयार असते. बॅडमिंटनवाले नेटजवळ चपळ, पण मनगट झटकतात. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची, टेनिसची ३०० च्या आसपास. झटकलं की चेंडू वर उडतो आणि महिनाभरात मनगट धरतं. क्रिकेटवाल्यांत उजव्या हाताने फेकणारा पण डावखुरी फलंदाजी करणारा सापडला तर सोडायचा नाही. त्याचे दोन्ही हात बॅटवर जसे असतात, तसेच दोन हातांच्या बॅकहँडला लागतात.

सर्व्हिसमध्ये पहिली चूक पकडीची. नवखा रॅकेट तव्यासारखी सपाट धरतो. तशी धरून जोर लावला की चेंडू एकतर नेटमध्ये, नाहीतर बाहेर. कुऱ्हाड धरतो तशी, कडेने धरायला सांगायची. आठवडाभर सगळं बिघडल्यासारखं वाटतं, तेव्हा पोरं गुपचूप जुन्या पकडीवर जातात. लक्ष तिथे ठेवायचं. दुसरी चूक टॉसची, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवण्याची. कोपर वाकलं, बोटांनी चेंडू फिरवला की तो डोक्यामागे जातो. रॅकेट न फिरवता चेंडू पडू द्यायचा. तो पुढच्या पायासमोर, बेसलाइनच्या फूटभर आत पडला पाहिजे. पहिल्या महिन्यात दिवसाला चाळीसच सर्व्हिस, खांदा दुखला तर त्याही बंद. दुसरी सर्व्हिस मधल्या रेषेकडे, कारण नेट खांबापाशी साडेतीन फूट आणि मध्यावर तीन फूट. हे सहा इंच फुकटचे आहेत.

आता कोर्ट. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती न काढता आणि मुरूम न भरता वर काँक्रीट टाकलं तर दोन-चार पावसाळ्यांत कोर्ट फाटतं. उतार एकाच बाजूला, दहा फुटांना एक इंच. नेटखाली उंचवटा करून दोन्हीकडे उतार देणारे ठेकेदार भेटतात, त्यांना नेटची उंची आधी समजवावी. मातीच्या कोर्टाचं दुखणं पाण्याचं. १२० बाय ६० फुटांवर दोन मिलिमीटर पाणी मारायचं तर १३०० लिटरच्या वर लागतं. पाच हजार लिटरचा टँकर चार दिवसही पुरत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. अशा वर्षी कोर्टासाठी पाणी मागायला तोंड नसतं. पाणी नाही तर वरचा थर भुगा होतो, पाय सरकतो, घोटा मुरगळतो. पाणी संध्याकाळी, रोलर सकाळी. टाच दाबली की खूण उमटावी पण माती चिकटू नये, तेव्हाच रोलर. मग रेषांना फक्की.

चेंडूंचा हिशेब वेगळाच. १०० इंचांवरून सोडलेला नवा चेंडू ५३ ते ५८ इंच उसळतो. व्हरांड्याच्या भिंतीवर तिन्ही खुणा केल्या की वाद मिटतो. उसळी गेलेले सर्व्हिसच्या टोपलीत टाकायचे. त्यांच्यावर रॅली खेळवली तर पोरं उशिरा, वाकून मारायला शिकतात आणि कोपर धरतं. टोपलीतले मग टेनिस बॉल क्रिकेटवाले नेतात, त्यांना अडवून उपयोग नाही.

गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, नवख्यांना नायलॉनचंच, ताण ५२-५४ पौंड. पॉलिएस्टर टिकतं म्हणून घेतात, पण ते कडक. सावकाश हात चालणाऱ्याला त्यातून वेगही मिळत नाही, खांदा मात्र दुखतो. मे महिन्यात एक-दोन पौंड वाढवायचे, उन्हात तारा सैल वाटतात.

आंतरमहाविद्यालयीनच्या प्रवेशिकांना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बोनाफाइड आणि फोटो लागतात. ते प्रवेशाच्या दिवशीच गोळा करायचं. स्पर्धेच्या आदल्या रात्री एक तरी पोरगा गुणपत्रिका गावाकडे राहिली म्हणतो, आणि शेवटची एसटी गेलेली असते.

व्हरांड्याला नवा चुना लागलाय, खुणा पुसल्या गेल्यात. सकाळी टेप घेऊन जायचं.