मागं माणूस असतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बॉलिंगच्या लेनमागं माणूस असतो. पण तो पिना लावत नाही.

साताऱ्याजवळ हायवेच्या कडेला आमचा चार लेनचा बॉलिंगचा हॉल आहे. शनिवार-रविवारी कऱ्हाड, कोरेगाव, वाईकडची कुटुंबं येतात. लेनच्या टोकाला बाटलीसारख्या दहा पिना उभ्या असतात, बॉल घरंगळत सोडून त्या पाडायच्या. पहिला बॉल जातो, समोर आडवी पट्टी खाली येते, उभ्या राहिलेल्या पिना अलगद वर उचलल्या जातात, पडलेल्या झाडून मागं ढकलल्या जातात, आणि उचललेल्या पुन्हा होत्या तिथंच उभ्या राहतात. हे बघितलं की कुठलं तरी पोरगं वडिलांचा शर्ट ओढणारच. तेवढ्यात मी मागच्या दारातून हातात फडकं घेऊन बाहेर आलो तर संपलंच. "काका, मागं बसून तुम्हीच लावताय का ओ पिना?"

पोरांचं चुकत नाही. पूर्वी खरंच माणूस असायचा. अमेरिकेत पोरं मागच्या खड्ड्याच्या वर कठड्यावर पाय आखडून बसायची, बॉल येऊन गेला की खाली उडी मारून पिना हातानं लावायची आणि बॉल उचलून उतरत्या पन्हाळीतून परत सोडायची. सोळा पौंडी बॉल म्हणजे सव्वासात किलो, आणि एकेक पिन दीड किलोच्या वर. उडालेली पिन नडगीवर बसली की काय होतं ते मला अनुभवानं माहीत आहे. गॉटफ्रीड श्मिट नावाच्या माणसानं पिना लावणारं यंत्र काढलं, एएमएफ कंपनीनं ते १९४६ साली बफेलो शहरातल्या स्पर्धेत लोकांना दाखवलं, आणि पन्नाशीच्या दशकात ब्रन्सविक कंपनीही त्या धंद्यात उतरली. पिना लावणाऱ्या पोरांचं काम तिथून संपत गेलं.

मी मूळचा विट्याचा. पंचवीस वर्षं यंत्रमागाचा जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा मिस्त्री होतो. मागांचे दिवस फिरले तेव्हा ओळखीतून इथं आलो. पहिल्या दिवशी मालकांनी मशीनचं मागचं झाकण उघडून दाखवलं तेव्हा मला हसूच आलं. कॅम, पट्टे, पुल्या, स्प्रिंगा, गिअरबॉक्स. सगळी आपलीच जात. साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्याचं मशीन, कॉम्प्युटर फक्त गुण मोजायला.

आत काय चालतं ते थोडक्यात. बॉल आणि पडलेल्या पिना मागच्या गादीवर आपटून खाली सरकत्या पट्ट्यावर येतात. बॉल जड आणि गोल, तो आपल्या दारातून बाजूला जातो. पिना मोठ्या उभ्या चाकाच्या खणांत बसून वर चढतात. वर एका ताटलीत प्रत्येक पिन स्वतःच फिरते, कारण तिचा बुडखा जड असतो, आणि बुडखा पुढं करून घसरगुंडीवरून उतरते. खाली दहा खणांचं चक्र असतं. एक पिन पडली की ते एक घर पुढं सरकतं. दहा भरल्या की सगळ्या एकदम खालच्या चौकटीत उतरतात आणि चौकट त्यांना लेनवर नेऊन ठेवते, एकीपासून दुसरी बरोबर बारा इंचांवर. एका मशीनमध्ये वीस-बावीस पिना फिरत्या असतात, म्हणून तुम्ही खेळत असता तेव्हा पुढचा संच वर तयारच असतो.

आता यात बिघडतं काय, हा खरा प्रश्न. माझं उत्तर मालकांना आवडत नाही. निम्मं बिघडलेलं असतं ते आमच्यासारख्यांनी पाना फिरवल्यामुळं.

इथं आल्यावर दुसऱ्याच महिन्यातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, हॉल भरलेला, आणि तीन नंबरच्या लेनवर सात नंबरची पिन लावली की डुलायची आणि चारातून एकदा आपोआप पडायची. सात नंबर म्हणजे खेळणाऱ्याच्या बाजूनं डाव्या कोपऱ्यातली, मागच्या ओळीतली. आम्ही मागून बघतो, त्यामुळं ती उजव्या हाताला येते. नवखा माणूस हमखास दहा नंबरला हात घालतो. निदान ती चूक मी केली नाही. मला वाटलं, चौकट त्या कोपऱ्यात उचललेली आहे, पिन वरून सुटतेय. अर्धा आटा फिरवला. सात जरा बरी झाली, पण दहा डुलायला लागली. मग तो कोपरा. मग चार नंबर वेडीवाकडी बसायला लागली. रात्री साडेअकराला मी चार नट हलवून बसलो होतो आणि त्यातला पहिला मूळ कुठं होता हे मला सांगता येत नव्हतं. एका कुटुंबाला पैसे परत दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज बंद करून लेनवर पालथा झोपलो, बॅटरी मारली. सात नंबरच्या जागेवर पिनच्या प्लास्टिकची एक कपची चिकटली होती. नखानं निघाली.

कपची काढायला एक क्षण लागला. चौकट पुन्हा लेव्हलला आणायला दोन दिवस.

खरं तर ही अक्कल मला विट्यातच शिकवलेली होती. कापडात दोष उभ्या रेघेत एकाच जागी येत असेल तर फणी, म्हणजे उभे धागे ज्यातून जातात तो मागाचा कंगवा, बघायची. कधी इथं कधी तिथं येत असेल तर सूत बघायचं. इथंही तेच. पिना सारख्या फिरत असतात, आत्ता सातवर उभी असलेली पुढच्या फेरीत तीनवर असेल. म्हणजे डुलणं जागा बदलत असेल तर दोष पिनमध्ये, तिचा बुडखा झिजलाय किंवा चिरलाय, ती शोधून बाजूला काढायची. डुलणं एकाच जागी असेल तर पिना निर्दोष. मग आधी ती जागा बघायची, आणि मगच जागेच्या वरचं मशीन. मी दोन पायऱ्या ओलांडून थेट पान्याला हात घातला होता. त्या आठवड्यात मी प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या पत्र्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. आणि एका वेळी एकच नट, पाव आटा, मग दहा फेऱ्या नुसतं बघत बसायचं. हाताखालच्या पोराला हे बघत बसणंच जड जातं. त्याला वाटतं काका झोपले.

तुमची सगळ्यात जास्त तक्रार असते ती बॉल परत येत नाही ही. त्याचंही मूळ बहुतेकदा तेलात असतं. लेनच्या पुढच्या भागावर मुद्दाम तेलाचा पातळ थर दिलेला असतो, लाकूड झिजू नये आणि बॉल घसरत जावा म्हणून. बॉल ते अंगाला माखून मागं आणतो. मागं बॉलला परत ढकलणारा पट्टा असतो, त्याला ते तेल लागलं की तो नुसताच घसरतो. अशा वेळी पट्टा ताणला तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग बेअरिंग ओरडायला लागतं. फडक्यानं पुसा, बास. माझ्या हातात कायम फडकं दिसतं ते यासाठी.

एकदा मात्र पुसून भागलं नव्हतं. आमची दोन मशीनं अमेरिकेतून जुनी आणलेली. तिथं वीज साठ सायकलची, आपल्याकडं पन्नासची. तिथं मिनिटाला सव्वासतराशे फेरे घेणारी मोटर इथं चौदाशे चाळीसच्या आसपास फिरते. सहातला एक भाग गेला. मशीनच्या आतल्या कामांना फारसं बिघडत नाही, सगळं एकाच मोटरवर असल्यानं सगळंच सारखं सावकाश होतं. पण बॉलला सावकाश चालत नाही. लेनखालून येऊन पुढची चढण चढताना तो दम सोडायचा आणि उलटा मागं जायचा. आधीच्या मिस्त्रीनं त्यासाठी जिथं जमेल तिथं पट्टे ताणले होते. आम्ही मोटरवरची पुली मोठी करून घेतली. टर्नरनं तासाभरात करून दिली.

आणखी एक गोष्ट, झाकण उघडण्याआधी किल्ली माझ्या खिशात जाते. नुसतं बटण बंद करून नाही. चौकट वर थांबलेली असली तरी तिच्यात वजन आहे आणि स्प्रिंगांत ताण आहे. मागावर धोटा उडून लागलेली माणसं मी पाहिली आहेत, मला कुणी समजावायची गरज नव्हती.

आता लोक विचारतात, दोरीची मशीनं आलीत, मग हे कशाला सांभाळता? बरोबर आहे. त्यात प्रत्येक पिनच्या डोक्याला दोरी असते, वर ओढायची आणि खाली सोडायची. चढणारं चाक नाही, ताटली नाही, चक्र नाही. अमेरिकेतल्या बॉलिंगच्या संघटनेनं २०२३ मध्ये त्या खेळाला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून, कारण दोरी लागलेली पिन मोकळ्या पिनसारखी पडत नाही. छोट्या गावात मिस्त्री मिळत नाही, तिथं दोरीचं मशीन घ्यावं असं मीच सांगेन. आमच्या मालकांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही आहात तोवर चालू दे." हे कौतुक की माझ्या पगाराचा हिशोब, मला अजून कळलेलं नाही.

परवा तीन नंबरवर पुन्हा सातची पिन डुलली. पोरगं पाना घेऊन पुढं निघालं होतं, त्याला थांबवलं. फडकं घेऊन मी आत गेलो. जागा स्वच्छ होती. दहा फेऱ्या बघितल्या, पिना बदलत होत्या, डुलणं तिथंच. मग बॅटरी वर मारली. उजव्या कोपऱ्यातल्या नटाची पांढरी रेघ तुटलेली होती, जेमतेम पाव आटा.

"आता दे पाना," म्हटलं.